तिखटावरचा उतारा

घरचा रस्सा हातून जरा अधिक तिखट उतरला म्हणजे उपाय सांगणाऱ्यांची उणीव कधी भासत नाही. सासूबाई म्हणतात, गुळाचा खडा टाक. शेजारीण म्हणते, नारळाचे दूध घाल. कोणी दही सुचविते, कोणी बटाटा. आणि ज्याने जन्मात चूल फुंकलेली नसते असा एखादा वडीलधारा पुरुष पाटावर बसल्या बसल्या तांब्याभर पाणी ओतण्याची आज्ञा करतो. हे उपाय घरोघर इतके रुळलेले आहेत की, ते अनादि काळापासून चालत आले असावेत असे वाटते. परंतु ज्या मिरचीवर हे सारे उतारे, ती मिरचीच आपल्याकडे येऊन जेमतेम पाचशे वर्षे झाली आहेत. एवढ्या थोड्या अवधीत एका परक्या फळाला घरात घेऊन त्याचा दाह कसा आवरावा हे इथल्या स्वयंपाकघरांनी कसे शोधून काढले, हा इतिहासाचा एक भाग आहे. तो बखरीत सापडत नाही, कारण बखरी लिहिणारे चुलीपाशी बसत नसत.

मिरची येण्यापूर्वी आपले अन्न अळणी किंवा सपक होते असे मात्र कोणी समजू नये. मिरे, पिंपळी, सुंठ, आले आणि मोहरी ही तिखटाची साधने प्राचीनच आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इसवी सन ११३० च्या सुमाराचा. त्यात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. मांस, वडे, मांडे, ताक, शिखरिणी म्हणजे आपले श्रीखंड, असे पुष्कळ पदार्थ आहेत, आणि तिखटपणासाठी मिरे व आले आहे. पुढे साडेचारशे वर्षांनी, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अबुल फजलने ‘आईन-ई-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्यातील पदार्थांचे जिन्नस शेर आणि दामांच्या हिशेबाने नोंदले. त्यातही मिरे आहे, आले आहे. मिरचीचा पत्ता नाही.

भाषेचीही एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. संस्कृतात ‘कटु’ म्हणजे झोंबणारे आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत मात्र कटूचे ‘कडू’ झाले आणि तो शब्द कारल्याला जाऊन चिकटला. झोंबणाऱ्या चवीसाठी आपण ‘तीक्ष्ण’ या शब्दापासून ‘तिखट’ घडविला. मिरची आली तेव्हा हा शब्द तयारच होता, आणि तिने तो असा काही बळकाविला की, आज ‘तिखट’ म्हटले म्हणजे डब्यातील लाल पूडच डोळ्यांपुढे येते. मिऱ्याला तिखट म्हणायचे असेल तर ते निराळे सांगावे लागते.

मिरचीचे मूळ घर अमेरिका. मेक्सिको आणि त्याच्या आसपास माणसे हजारो वर्षे ती खात आली होती. कोलंबस निघाला होता हिंदुस्थानच्या मिऱ्याच्या शोधात. सापडली त्याला मिरची. १५ जानेवारी १४९३ च्या आपल्या रोजनिशीत त्याने तेथील लोकांच्या या ‘अजी’ची नोंद केली आहे आणि ती मिऱ्याहून सरस आहे असे म्हटले आहे. पाचच वर्षांनी, १४९८ साली, वास्को द गामा कालिकतला पोहोचला. १५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवे घेतले. ब्राझील, आफ्रिका आणि गोवे यांच्या दरम्यान पोर्तुगीज गलबतांची ये-जा सुरू झाली आणि तीतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. नेमक्या कोणत्या गलबतातून, याची नोंद कोणी केली नाही. एखाद्या खलाशाच्या गाठोड्यातील मूठभर वाळक्या शेंगांची नोंद करणार तरी कोण? जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लेओनहार्ट फुक्स याने १५४२ साली आपल्या ग्रंथात मिरचीचे सुरेख चित्र छापले आणि खाली नाव दिले ‘कालिकतची मिरी’. ती हिंदुस्थानातूनच आली, अशी त्या विद्वानाची समजूत झाली होती. उलट, गोव्यात राहून इथल्या औषधी द्रव्यांवर ग्रंथ लिहिणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ च्या संवादांत मिऱ्याला प्रकरण आहे, आल्याला आहे, वेलदोड्याला आहे, मिरचीला नाही. वैद्याच्या दृष्टीला ती अजून औषध वाटली नव्हती आणि व्यापाऱ्याला माल वाटला नव्हता. ती परसात वाढत होती.

नाव देताना मात्र साऱ्या भाषांनी एकच युक्ती केली. मराठीत मिऱ्यावरून मिरची झाली. गुजरातीत मरीवरून मरचुं झाले. कन्नडात मिरे म्हणजे मेणसु, म्हणून मिरची मेणसिनकाय. तेलुगूत मिरियालु आणि मिरपकाय. तमिळात मिळगु आणि मिळगाय. कोकणीने तिला ‘मिरसांग’ म्हटले, म्हणजे मिऱ्याची शेंग. बेळगाव, हैदराबाद किंवा बडोदे येथे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाच्या कानांवर यांतले दोन-तीन शब्द तरी रोज पडतात. पण नवे फळ घरात घेताना शेजारधर्माने सर्वांनी एकाच रीतीने त्याचे बारसे केले, हे सहसा ध्यानात येत नाही. मुंबई इलाख्यात मिरचीला ‘गोवाई मिरची’ असेही म्हणत. तिच्या प्रवासाचा मार्ग त्या नावातच राहिला आहे.

या फळाने मिऱ्याला मागे टाकले त्याचे कारण चवीपेक्षा पैशात शोधावे लागते. मिरी मलबारच्या पावसात वाढणार. घाटमाथ्यावरच्या किंवा माळव्यातल्या शेतकऱ्याला ती बाजारातून रोख मोल देऊन आणावी लागे. मिरचीचे तसे नव्हते. चार रोपे सांडपाण्यावर लावली की वर्षाचे तिखट घरचे. वाळवून ठेवले की टिकते, आणि दोन मिरच्यांत घरातल्या दहा माणसांची आमटी होते. मिरचीचा हा खरा उपकार आहे आणि तो गरिबांवर आहे. ज्याच्या ताटात भाकरीबरोबर दुसरे काही नाही, त्याला मिठाबरोबर ठेचलेली मिरची हेच कोरड्यास. तोंडाला पाणी सुटते, कोरडा घास घशाखाली उतरतो, आणि पोट भरल्याचा भास का होईना, होतो.

तिखट उतरविण्याच्या साऱ्या कथेत एक अवघड प्रश्न आहे तो येथेच. दही, दूध, तूप, नारळ, काजू हे उत्तम उतारे आहेत, पण ते ज्याच्या घरी आहेत त्याच्यासाठी. ज्याच्या घरी नाहीत त्याने काय करावे? आणि तिखट तर त्याच्याच ताटात सर्वांत अधिक. देशावरच्या शेतकऱ्याने यावर दोन-तीन सोप्या तोडी काढल्या. ठेच्यावर कच्च्या तेलाची धार. बुक्कीने फोडलेला कांदा. आणि घरात दुभते असेल तर ताक. दूध-लोणी बाजारात विकले तरी ताक घरी उरते, शेजाऱ्याला फुकट दिले जाते. म्हणून ताक हा गरिबाचा दुधातला वाटा झाला. पुढे भुईमूग शेतात आल्यावर शेंगदाण्याचे कूट आले. भुईमूगही दक्षिण अमेरिकेचाच, आणि तोही परदेशी गलबतांतूनच आपल्याकडे पोहोचलेला. देशावर कोणत्याही तिखट भाजीत मूठभर कूट पडते ते चवीसाठी आणि दाटपणासाठी, असे सांगतात. पण त्या कुटाचे तेल तिखटाची धार बोथट करते हेही तितकेच खरे.

किनाऱ्यावर गोष्ट निराळी. तेथे नारळ मिरचीच्या फार पूर्वीपासून होता. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा जो शिलालेख आहे त्यातही नारळाच्या झाडांचे दान सांगितले आहे, आणि तो लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. तेव्हा मिरची आली ती कोकणात आणि गोव्यात सरळ वाटलेल्या खोबऱ्यातच जाऊन पडली. कोकणातील गृहिणी मिरची आणि खोबरे एकाच पाट्यावर वाटते. म्हणजे तेथे उतारा मागाहून द्यावा लागत नाही. विष आणि उतारा एकाच वेळी पाट्यावरून उतरतात. एवढे करूनही जेवणाच्या शेवटी सोलकढी असतेच. नारळाचे दूध आणि कोकमाचे, गोव्यात ज्याला भिरंड म्हणतात त्याचे, आंबट पाणी, वर लसणीचा वास. माशाच्या झणझणीत कढीनंतर ती प्याली म्हणजे जीभ ठिकाणावर येते.

गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून तिखट सौम्य करण्याची एक तिसरी वाट दिसते, ती शिरक्याची. पोर्तुगीज दर्यावर्दी मांस टिकावे म्हणून ते द्राक्षाचे मद्य आणि लसूण यांत मुरवून ठेवीत. त्याला ‘व्हिन्या-द-आल्योश’ म्हणत. गोव्यात द्राक्षे कोठली? इथल्या लोकांनी माडाच्या सुरेचा शिरका त्या जागी योजिला, त्यात मिरच्या वाटल्या, आणि त्या लांबलचक नावाचे झाले विंदालू. इंग्रजांच्या मार्फत हे नाव पुढे विलायतेला गेले आणि तेथे त्याचा अर्थ ‘सर्वांत जहाल’ असा होऊन बसला, ही मोठीच विटंबना आहे. गोव्याच्या घरातले विंदालू जहालपणासाठी करीत नाहीत. त्यातला शिरक्याचा आंबटपणा, डुकराच्या मांसाची चरबी आणि चिमूटभर गूळ किंवा साखर ही तिन्ही मिळून मिरचीला वेसण घालतात. आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच खायचे असते, कारण मुरले म्हणजे आंबट, गोड आणि तिखट एकजीव होतात. त्याच घरात लहान मुलांसाठी आणि आजाऱ्यासाठी ‘काल्दीन’ शिजते. पोर्तुगीज भाषेत काल्दिन्यु म्हणजे पातळ रस्सा. हळदीने पिवळे, नारळाच्या दुधातले, फार तर दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून टाकलेले. एका चुलीवर जहाल आणि दुसऱ्या चुलीवर सौम्य, ही सोय अशी जुनीच आहे.

या सोयीचे राजेशाही रूप कोल्हापुरास पाहावे. तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा हे दोन्ही एकाच मटणाच्या पाण्यावर उभे असतात. तांबड्यात मिरचीचा जोर. पांढऱ्यात नारळाचे दूध, तीळ, खसखस, काजू. बाहेरचा पाहुणा त्यांना दोन वेगळे पदार्थ समजून एकापुढे एक संपवितो. जाणता जेवणारा तांबड्याचे दोन घोट घेतो, मग पांढऱ्याचा एक. हैदराबादेस मिरचीचे सालन करतात, ज्यात मिरची मसाला नसून खुद्द भाजीच असते. पण ती चिरून, तळून, शेंगदाणे, तीळ आणि खोबरे यांच्या दाट वाटणात चिंचेसह शिजविलेली असते, आणि सोबतीला बिर्याणीचा भात व दह्याची चटणी असतेच. बडोद्याकडे गेलेल्या मराठी घरांनी गुजराती शेजाऱ्यांकडून आमटीत गूळ जरा सढळ हाताने घालण्याची सवय उचलली. माळव्यातल्या घरांना डाळ-बाफल्याचे तूप मिळाले. बाफला तुपात बुडवूनच खायचा असल्यामुळे डाळ कितीही तिखट झाली तरी बिघडत नाही. मिरचीचा प्रसार उत्तरेकडे झाला तो मराठ्यांच्या फौजांबरोबर, असे काही लेखक मानतात. फौजेबरोबर मिरची गेली असो वा नसो, इंदूर-ग्वाल्हेरास स्थायिक झालेल्या कुटुंबांची जीभ तिथल्या दुधातुपाने सौम्य केली, यात शंका नाही.

आता या उताऱ्यांतले खरे किती, हे पाहावयास हरकत नाही. शास्त्र या विषयाकडे फार उशिरा वळले. १८१६ साली बुखोल्त्स नावाच्या जर्मन रसायनज्ञाने मिरचीचा झोंबणारा अंश अशुद्ध रूपात वेगळा केला. १८७६ मध्ये थ्रेश या इंग्रजाने त्याचे स्फटिक मिळवून त्याला ‘कॅप्सेसिन’ हे नाव दिले. या द्रव्याचा स्वभाव कळला आणि निम्मे कोडे सुटले. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात, तुपात आणि मद्यार्कात विरघळते. उकळून ते नाहीसेही होत नाही. त्यामुळे ‘अजून थोडे उकळू द्या, तिखट मरेल’ हा सल्ला चुकीचाच नव्हे, उलटा आहे. रस्सा आटतो आणि तिखट दाट होते. पाणी ओतल्याने रस्सा पातळ होतो हे खरे, पण मग मीठ, आंबट, वाटण सारेच पातळ होते. जेवताना पाणी प्याल्याने तर तोंडातला दाह जिभेवरून घशाकडे सरकतो, एवढेच.

बायकांना हे ठाऊक होते, ही त्यातली विशेष गोष्ट. उन्हाळ्यात वर्षाचे तिखट कांडायला बसण्यापूर्वी हातांना तेल चोळण्याची रीत घरोघर होती. हातांची आग होऊ लागली तर त्या पाण्याकडे नव्हे, तेलाकडे किंवा ताकाकडे धाव घेत. कॅप्सेसिन हे नाव पडण्याच्या आधीपासून, ते कशाने सुटते आणि कशाने सुटत नाही हे त्यांच्या हातांना कळले होते. रश्श्यावर लाल तवंग येतो, ज्याला तर्री म्हणतात, त्यातच रंग आणि तिखट दोन्ही उतरलेली असतात. म्हणून रस्सा फार जहाल झाला तर पातेले पाच मिनिटे स्वस्थ ठेवून वरचा तवंग पळीने अलगद काढून घेणे हा सर्वांत बिनखर्चाचा उपाय आहे. काढलेली तर्री वाटीत ठेवावी. ज्याला सोसते त्याने वरून घ्यावी. मिसळीच्या दुकानांत तर्री वेगळी वाढण्याची पद्धत पडली, ती याच सोयीची.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात एका औषधी कंपनीत काम करणारा विल्बर स्कोव्हिल याने १९१२ साली मिरचीचा तिखटपणा मोजण्याची एक रीत काढली. मिरचीचा अर्क मद्यार्कात काढायचा, तो साखरेच्या पाण्यात अधिकाधिक पातळ करीत न्यायचा आणि पाच जणांना चाखावयास द्यायचा. ज्या पातळपणाला तिखट कळेनासे होते, तोच त्या मिरचीचा आकडा. म्हणजे विज्ञानाने तिखट मोजले ते ‘उतरविण्यास किती लागते’ यावरूनच! ढोबळ्या मिरचीचा आकडा शून्य. शुद्ध कॅप्सेसिनचा एक कोटी साठ लाख. आसामकडील भूत जोलोकिया २००७ साली जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेसच्या पुस्तकात गेली तेव्हा तिचा आकडा दहा लाखांच्या वर होता. आता हे मोजमाप जिभेऐवजी यंत्राने करतात, पण नाव स्कोव्हिलचेच राहिले आहे. आणि त्याने साखरेचे पाणी घेतले होते हेही विसरण्यासारखे नाही. सासूबाईंचा गुळाचा खडा त्याला परका वाटला नसता. गूळ कॅप्सेसिन नाहीसे करीत नाही, पण जिभेचे लक्ष दुसरीकडे वळवितो, आणि जेवणात तेवढे पुरेसे असते.

जिभेला हा दाह का वाटतो, याचे उत्तर मात्र १९९७ साली मिळाले. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांचे सहकारी यांनी मज्जातंतूंतील एक द्वार शोधून काढले, जे सुमारे त्रेचाळीस अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेने उघडते आणि कॅप्सेसिननेही उघडते. मेंदूला दोन्हींत फरक कळत नाही. तोंड भाजले अशीच वर्दी त्याला जाते. या संशोधनासाठी ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणजे तिखट ही खरे पाहता चव नव्हेच. तो दाह आहे. तिखट आमटी वाफाळती असली म्हणजे अधिक झोंबते आणि निवल्यावर बरी लागते, त्याचे कारण हेच. पोराच्या वाटीतली आमटी फुंकर घालून निववून देणारी आई दोन्ही दाह एकदम कमी करीत असते.

दुधाविषयी थोडा घोळ होता. दुधातल्या स्निग्धांशामुळे ते काम करते असे पुष्कळ दिवस समजत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात साय काढलेले दूधही सायीच्या दुधाइतकेच उपयोगी पडले. गोड सरबतही त्यांच्या बरोबरीने उतरले. तेव्हा दुधातील प्रथिने, विशेषतः केसीन, कॅप्सेसिनला धरून ठेवीत असावीत, असा तर्क आहे. गरिबाच्या ताकाची बाजू यामुळे बरीच बळकट होते, कारण ताकात लोणी नसले तरी केसीन असतेच.

बटाट्याची बाजू मात्र लंगडी आहे. कच्च्या बटाट्याच्या फोडी तिखट ‘शोषून’ घेतात असे मोठ्या विश्वासाने सांगण्यात येते. बटाटा रस शोषतो. नेमके तिखट निवडून शोषण्याची कला त्याला येत नाही. उरलेला रस्सा होता तेवढाच तिखट राहतो. बटाटा रश्श्यात ठेवून खाल्ला तर मात्र घासातले तिखट विभागले जाते, आणि तेवढ्यापुरता तो उपकारक आहे. भात, भाकरी आणि पाव यांचे काम तेच. बटाटा हा शब्द पोर्तुगीज, पाव हाही पोर्तुगीज. मिरची ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने तिचे हे दोन सोबती आपल्या ताटात येऊन बसले. मुंबईच्या गिरणगावात उसळ-पाव ज्यांनी खाल्ला त्यांना त्यासाठी इतिहास वाचावा लागला नाही.

उतारा देण्याची वेळही महत्त्वाची. दही उकळत्या रश्श्यात एकदम टाकले तर फाटते. ते चमचाभर बेसन लावून घुसळून, आच मंद करून घालावे लागते. नारळाचे दूध अखेरीस घालून एकच उकळी द्यावयाची. खळखळ उकळले की तेही फुटते. चिंच किंवा कोकम पडलेल्या आमटीत गाईचे दूध घालणारी सून एकदाच घालते. आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तोच पदार्थ बिनतिखटाचा आणखी तेवढाच शिजवून पहिल्यात मिसळणे. यात पदार्थ दुप्पट होतो, ही अडचण एकत्र कुटुंबात कधी अडचण वाटली नाही; आज तीन माणसांच्या घरात ती वाटते.

छापील पाककृतींनी या बाबतीत गृहिणीला फारसा हात दिला नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० सालचे, आणि वाटी-चमच्याचे माप घरोघर पोहोचविणारी कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. मापे येत गेली तरी मिरचीच्या बाबतीत चमचाभर म्हणजे किती, याला मापाने उत्तर नाही, कारण प्रश्न चमच्याचा नसून मिरचीचा आहे. लवंगी मिरचीचा एक चमचा आणि ब्याडगीचा एक चमचा यांत आमटी आणि अंगार यांच्याएवढे अंतर आहे.

बेळगावच्या बाजूच्या बायका हे पूर्वीपासून जाणून आहेत. हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी गावची मिरची सुरकुतलेली, रंगाला गर्द, तिखटाला मवाळ. तिला २०११ साली भौगोलिक निर्देशांकाचा दाखला मिळाला. हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची मिरची त्यामानाने तेज. वर्षाचा मसाला करताना रंगासाठी ब्याडगी आणि जोरासाठी संकेश्वरी, असे ठरलेले प्रमाण प्रत्येक घराचे वेगळे असते आणि ते सुनेला कांडताना पाहूनच शिकावे लागते. गोव्यात तेच काम काणकोण तालुक्यातली खोलची मिरची आणि पेडणे तालुक्यातली हरमलची मिरची करतात. मिरचीच्या आत देठापासून खाली उतरणारा जो पांढरट गाभा असतो, खरे तिखट त्यात असते; बिया त्याला चिकटलेल्या असतात म्हणून त्यांच्यावर आळ येतो. हिरवी मिरची चिरून तो गाभा सुरीच्या टोकाने काढून टाकला तर वास राहतो आणि झोंबणे जाते. घरात म्हातारे माणूस असले की काही स्त्रिया हे न सांगता करतात, आणि आमटीला फोडणीनंतर तिखट घालण्याआधी एक वाटी बाजूला काढून झाकून ठेवतात.